आधी शताक्षी, मग शाकंभरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पौष शुद्ध अष्टमीला शाकंभरी नवरात्र बसतं आणि पौर्णिमेला संपतं. आपल्या निपाणी-बेळगाव भागातल्या कितीतरी घरांची कुलदेवी बदामीची बनशंकरी. तीच शाकंभरी. तिच्या जत्रेत रथाच्या आदल्या दिवशी 'पल्लेद हब्ब' असतो. कन्नडमध्ये पल्ल्या म्हणजे भाजी आणि हब्ब म्हणजे सण. त्या दिवशी देवीला भाज्यांचे 108 प्रकार करून नैवेद्य दाखवतात. एरवी देवाला गोडधोड, पुरणपोळी, पेढे. इथे मात्र मेथी, पुंडी, शेपू, भोपळा, शेंगा. ज्यांनी पाहिलंय त्यांना तो थाट ठाऊक आहे.

या महिन्याच्या पत्रकात भाजीपाला आणि डोळे यावर लिहायची सेवा महाराजांनी माझ्याकडे दिली. मलाच का दिली ते पुढे सांगते. आधी देवीची कथा.

देवीभागवतात ही कथा आहे. दुर्गम नावाच्या असुराने वर मिळवून वेदच ताब्यात घेतले. यज्ञ थांबले, पाऊस थांबला. शंभर वर्षं थेंब नाही. विहिरी आटल्या, गुरं मेली, माणसं मेली. तेव्हा ऋषी हिमालयात गेले आणि त्यांनी जगदंबेला हाक मारली. ती प्रकट झाली तेव्हा तिच्या अंगभर डोळे होते. म्हणून तिचं नाव शताक्षी. त्या सगळ्या डोळ्यांनी तिने लेकरांची दशा पाहिली आणि नऊ रात्री रडली. त्या अश्रूंचा पाऊस झाला. मग तिने भाजी, फळं, कंदमुळं देऊन सगळ्यांना जगवलं. म्हणून दुसरं नाव शाकंभरी.

लहानपणापासून ही कथा ऐकत आले, पण त्यातला क्रम माझ्या ध्यानात आला नव्हता. आधी डोळे, मग भाजी. देवीने आल्या आल्या टोपली रिकामी केली नाही. आधी बघितलं. कोणाला काय झालंय, कोण कुठे पडलंय, ते नीट बघितलं. माझं नेमकं इथेच चुकलं.

आमच्या केंद्रात एक अक्का आहेत. वय 71. तरुणपणी निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या, आता दर गुरुवारी आरतीच्या आधी येऊन फुलं निवडणाऱ्या, हार करणाऱ्या. मागच्या वर्षी उन्हाळ्यात एकदा म्हणाल्या, "ताई, दाराची चौकट वाकडी दिसालीय बघ. उजवा डोळा झाकला की मग जास्तच."

मी काय म्हणाले असेन? "अक्का, वय झालं की. रोज सकाळी गाजराचा रस घ्या, शेवग्याच्या पाल्याची पावडर घ्या. मी मेसेज पाठवते तुमच्या नातवाच्या मोबाइलवर." आणि पाठवला. 'चाळीस दिवसांत चष्मा उतरेल' असा तो फॉरवर्ड होता, खाली हात जोडलेले आणि देवीचा फोटो. आपल्या ग्रुपवरही मीच टाकला होता. अनेकांनी अंगठा दाखवला, मला बरं वाटलं.

अक्कांनी मनोभावे चार महिने गाजराचा रस घेतला. गुरुभगिनीने सांगितलं म्हणजे महाराजांनीच सांगितल्यासारखं, असं त्या धरून चालल्या. दिवाळीच्या आधी त्यांच्या सुनेने जबरदस्तीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध जिथे आपण बारीक बघतो, तिथे रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळलं होतं आणि त्याचा व्रण झाला होता. वयामुळे होणारं मॅक्युलर डिजनरेशन, त्यातला ओला प्रकार. डॉक्टर म्हणाले, रेघा वाकड्या दिसायला लागल्या त्याच आठवड्यात आला असता तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन बरीचशी नजर राखता आली असती.

आता अक्कांच्या डाव्या डोळ्याला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. त्यांनीच मला समजावून सांगितलं, "महाराजांच्या फोटोचा हार दिसतोय, चौकट दिसतीय, तोंड तेवढं दिसत नाही."

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकलेली बाई. मला तरी कळायला हवं होतं. म्हणून आज नुसतं 'भाजी खा' असं न लिहिता ज्या भाजीत जे आहे तेच लिहिते, जे नाही ते नाही म्हणते.

आमच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग असायचा. पालकाची पानं वाटून त्याचा रस गाळणी कागदाच्या पट्टीवर टिपका म्हणून लावायचा आणि पट्टीचं टोक द्रावणात बुडवायचं. थोड्या वेळाने हिरव्या टिपक्यातून रंग वेगळे होऊन वर चढायचे. खाली हिरव्या दोन छटा, त्यांच्या वर पिवळा पट्टा, आणि सगळ्यात वर केशरी-पिवळा. तो वरचा कॅरोटीन. मधला पिवळा झँथोफिल, आणि त्यात मुख्य असतं ते ल्युटीन. हिरव्यागार पानात पिवळं कुठून आलं म्हणून मी तेव्हा चकित झाले होते. ते तिथेच असतं, हिरव्याखाली झाकलेलं. वाडीला औदुंबराचं पान जुनं होऊन पिवळं पडतं ना, तेव्हा पिवळा रंग बाहेरून येत नाही. हिरवा निघून जातो आणि आतला दिसायला लागतो.

आता गंमत बघा. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक लहानसा ठिपका आहे. पोथी वाचायची, सुईत दोरा ओवायचा, समोरच्याचा चेहरा ओळखायचा तो त्याच ठिपक्याने. त्याचा रंग पिवळसर, म्हणून त्याला पीतबिंदू म्हणतात. तो पिवळा कशामुळे? पानातल्या त्याच ल्युटीनमुळे आणि त्याच्या भावंडामुळे, झिअ‍ॅक्झँथिनमुळे. निसर्गात या जातीची शेकडो रंगद्रव्यं आहेत, आपल्या जेवणातूनही बरीच पोटात जातात, पण पीतबिंदूत जागा मिळते ती या दोघांना आणि ल्युटीनपासून डोळ्यातच तयार होणाऱ्या तिसऱ्याला. आपलं शरीर ल्युटीन स्वतः बनवू शकत नाही. पानांकडूनच घ्यावं लागतं. उन्हातला निळा प्रकाश ते गाळून घेतं आणि प्रकाशामुळे पेशींची जी झीज होते तिला आवर घालतं. पान उन्हात उभं राहून स्वतःच्या रक्षणासाठी जे तयार करतं, तेच आपल्या डोळ्यात जाऊन आपलं रक्षण करतं. सावता माळ्यांना अरणच्या मळ्यात भाजीच्या वाफ्यात विठोबा दिसला असं आपण कीर्तनात ऐकतो. मला पूर्वी ते नुसतं भक्तीचं बोलणं वाटायचं.

ल्युटीन कशात भरपूर? पालकात. 100 ग्रॅम कच्च्या पालकात साधारण 10 ते 12 मिलिग्रॅम. मेथी, राजगिरा, चाकवत, शेवग्याचा पाला, शेपू, कोथिंबीर, सगळ्या गडद हिरव्या पानांत ते असतं. पिवळ्या मक्यात झिअ‍ॅक्झँथिन, त्याचं नावच मक्याच्या शास्त्रीय नावावरून पडलं. अंड्याच्या बलकातही दोन्ही असतात, पण आपल्यातले बहुतेक जण अंडी खात नाहीत, म्हणून पानांवर जास्त भर द्यायचा.

आणि गाजर? गाजरात ल्युटीन अगदी थोडं! त्यात आहे ते बीटा कॅरोटीन. आतड्यात त्याचं अ जीवनसत्त्व होतं. अ जीवनसत्त्व डोळ्याला लागतंच. मंद उजेडात बघण्यासाठी पडद्यावर जे रंगद्रव्य असतं ते त्याच्याशिवाय बनत नाही, ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, आणखी कमी पडलं तर लहान मुलांचं बुबुळ कोरडं पडून कायमची दृष्टी जाते. आपल्या देशात यापायी किती पोरं आंधळी झाली! म्हणून तर 1970 पासून सरकार लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देतं. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर पहिला, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत. अंगणवाडी सेविका घरी आली की पोराला लपवू नका. सीमाभागातल्या आमच्या सेविका मराठी, कन्नड दोन्ही बोलतात, भाषेची अडचण सांगू नका.

पण ज्याला अ जीवनसत्त्व पुरेसं मिळतंय त्याने तांब्याभर गाजराचा रस प्यायला म्हणून नजर वाढत नाही. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या आकारावरून ठरतो, रसाने तो आकार बदलत नाही. मोतीबिंदू म्हणजे भिंगच गढूळ झालेलं, ते खाण्याने परत स्वच्छ होत नाही, ऑपरेशन करावं लागतं. काचबिंदू तर न दुखता, न सांगता कडेची नजर खात जातो, एकदा गेलेली परत येत नाही. साखरेच्या आजारात पडदा खराब होतो, त्याला साखर ताब्यात ठेवणं आणि वर्षातून एकदा पडदा तपासणं हाच उपाय. त्यातून साखर असलेल्याने गोड गाजराचा रस पेल्यामागून पेला प्यायचा म्हणजे काय म्हणावं! हे सगळं मला अक्कांच्या बाबतीत माहीत करून घेता आलं असतं. घेतलं नाही.

आता कथेकडे परत या. देवीने भाजी दिली, माणसं जगली. पण दुर्गम काही भाजीने मेला नाही. बातमी कळल्यावर तो सैन्य घेऊन आला, तेव्हा त्याच देवीने शस्त्र उचललं आणि युद्ध करून त्याला मारलं, म्हणून तिला दुर्गा म्हणतात. एकाच देवीच्या हातात शाकही आणि धनुष्यबाणही. भुकेला शाक, असुराला बाण. आपण असुर दारात उभा असताना त्याच्यासमोर मेथीची जुडी धरतो आणि म्हणतो, आमची श्रद्धा आहे!

दुसरी गोष्ट आपल्या निपाणीला लागू आहे म्हणून जरा स्पष्ट लिहिते, कोणी रागावू नये. आपल्या भागाचं पोट तंबाखूवर भरलं. विड्या वळून बायकांनी पोरं शिकवली, 1981 साली भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, काहींचे प्राण गेले. त्या कष्टाचा मान राखूनच सांगते, धूर डोळ्याचा वैरी आहे. पीतबिंदूचा हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्यांपेक्षा दोन ते चार पट जास्त होतो. मोतीबिंदूही लवकर येतो.

आणि अशा माणसाने 'डोळ्यांसाठी चांगली' म्हणून बीटा कॅरोटीनची गोळी दुकानातून आणून खाल्ली तर? फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांना वाटलं होतं रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिल्याने फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. 1994 साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतही तसाच एक अभ्यास 1996 मध्ये मध्येच थांबवावा लागला. गाजर खाल्ल्याने असं होत नाही, घाबरू नका. पण पानात, कंदात देवाने जे मापाने ठेवलंय ते उपसून गोळीत दाबून भरलं की त्याचा गुण बदलू शकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने 2001 मध्ये दाखवलं की हा आजार मधल्या टप्प्याला पोचलेल्यांना क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं आणि बीटा कॅरोटीन ठरावीक प्रमाणात दिलं तर तो शेवटच्या टप्प्यात जाण्याची शक्यता पाच वर्षांत साधारण 25 टक्क्यांनी घटते. मग 2013 मध्ये दुसऱ्या अभ्यासानंतर बीटा कॅरोटीन काढून त्याच्या जागी 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झिअ‍ॅक्झँथिन घालायचं ठरलं, ते धूम्रपान केलेल्यांनाही चालतं. अक्कांच्या उजव्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी हीच गोळी लिहून दिलीय. आजार नाही त्याने ती आधीपासून घेऊन काही फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. महाग पण आहे. ते पैसे भाजीवाल्या मावशीला द्या.

या गोळीतलं ल्युटीन कशापासून काढतात ठाऊक आहे? झेंडूपासून! मला वाचून अंगावर काटा आला. दसऱ्याला दारावर, देवाच्या गळ्यात आपण घालतो तोच केशरी-पिवळा झेंडू. त्याच्या पाकळ्या वाळवून त्यातून ल्युटीन काढतात, आपल्या कर्नाटकात त्यासाठी शेतकरी करार करून झेंडू लावतात. हे फूल मूळचं मेक्सिकोकडचं, पण आता त्याच्याशिवाय आपलं तोरण होत नाही. (कृपा करून देवावरचा निर्माल्य झेंडू कोणी खाऊ नका. फवारणी केलेली असते, आणि पाकळी तशीच चावून ते अंगी लागेल असंही नाही.)

फोटोला घालायचा झेंडूचा हार अक्का अजून स्वतःच ओवतात. सुई ओवून द्यायला मी बसते शेजारी.

स्वयंपाकाचं थोडं. ही रंगद्रव्यं तेलातुपात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून पालेभाजीला फोडणी पाहिजेच. नुसती उकडून 'डाएट' म्हणून खाल्ली तर आतलं अंगी कमी लागतं. आपल्या आज्या मेथीवर कच्चं तेल आणि शेंगदाण्याचं कूट घालून भाकरीबरोबर द्यायच्या, ते बरोबरच होतं. भाजी शिजवल्याने पेशी फुटून ल्युटीन मोकळं होतं, पण तासभर रटरटवू नका. शिजवलेलं पाणी फेकू नका, त्यात क जीवनसत्त्व आणि फोलेट जातं. आमटीत घाला. भोगीच्या भाजीत गाजर, पावटा, हरभरा, वांगं, वर तीळ आणि भाकरीवर लोण्याचा गोळा असतो, त्यातलं लोणी नुसत्या चवीसाठी नाही हे आता कळलं असेल.

रताळ्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. आपल्या बेळगावकडची रताळी वरून तांबडी, आतून पांढरी. उपासाला उत्तम, पण कॅरोटीन आतून केशरी असलेल्या रताळ्यात असतं, पांढऱ्यात नाही. सालीवर जाऊ नका, कापून बघा.

ज्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांनी पालेभाजी अचानक वाढवू नये, कमीही करू नये. डॉक्टरांना सांगून रोज साधारण सारखी ठेवावी, कारण पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी पालकाच्या ऐवजी मेथी घ्यावी की काय, तेही विचारूनच.

आणि बायांनो, तुमच्याशी वेगळं बोलते. पातेल्यातली भाजी आधी सासरे, मग नवरा, मग पोरं, आणि आपल्या ताटात उरलेला रस्सा आणि भाकरी. आपण याला त्याग म्हणतो. बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते, आणि भाजी पिकवणाऱ्या घरातली बाई चटणी-भाकरी खाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शाकंभरीने भाजी वाटली तेव्हा बायकांना शेवटी बसवलं असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

आता राहिलं ते, महाराजांनी मला हे लिहायला का सांगितलं.

अक्कांचं कळलं त्यानंतरच्या गुरुवारी मी महाराजांपुढे गेले आणि सगळं सांगून टाकलं. रडू आवरेना. मला वाटलं ते म्हणतील, प्रारब्ध आहे, तू मनाला लावून घेऊ नको. तसं काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "तू त्यांचा डोळा बघितलास का?"

मी म्हटलं, "मी कुठे डॉक्टर आहे महाराज?"

"डॉक्टर नाहीस. पण त्या चौकट वाकडी दिसते म्हणाल्या, तेव्हा तू त्यांच्याकडे बघितलंस, का मोबाइलकडे?"

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्यांना दर महिन्याला तपासणीला तू घेऊन जायचं. आणि जो मेसेज पाठवलास तो ज्यांच्या ज्यांच्याकडे गेला, त्यांना खरं काय ते पाठवायचं."

हे पत्रक म्हणजे तेच. ज्यांनी माझा तो फॉरवर्ड पुढे पाठवला असेल त्यांनी हेही तेवढ्याच लोकांना पाठवावं ही हात जोडून विनंती 🙏

घरी एक करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. स्वयंपाकघरातल्या चौकोनी टाइल्ससमोर उभं राहायचं, जवळचा चष्मा असेल तर लावायचा, एक डोळा हाताने झाकायचा आणि एका टाइलच्या मध्यावर नजर ठेवायची. मग दुसरा डोळा झाकायचा. रेघा सरळ दिसल्या पाहिजेत. कुठे वाकलेल्या, तुटलेल्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर कळत नाही, चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी दर आठवड्याला हे करा. मी गुरुवारी सकाळी देवपूजेआधी करते, म्हणजे विसरत नाही. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत तिथे नातवंडांनी त्यांना उभं करून करवून घ्या.

पौर्णिमेला आपल्या केंद्रात शाकंभरीचा नैवेद्य आहे. 108 होणार नाहीत, पण ज्यांच्या घरी जी पालेभाजी असेल ती निवडून, धुऊन सकाळी आठपर्यंत आणावी. निवडायला अक्का बसणार आहेत. त्यांना पानं बोटांनी कळतात, मेथीत आलेलं गवत त्या आमच्याआधी काढतात. त्या दिवशी कोणाला डोळ्यांची तक्रार सांगायची असेल तर मला जरूर सांगा. मी औषध सांगणार नाही. तुमच्याबरोबर दवाखान्यात येईन.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥